खादाडाची भूक

प्रिय वहिनी,

आधी माझं अक्षर बघून पोटभर हसून घे. मुंग्या शाईत बुडवून कागदावर सोडून दिल्यासारखं दिसतंय, ते मलाही दिसतंय. शाळा मी सोडली की शाळेने मला, हा तुझा-माझा वाद अजून मिटलेला नाही. पण निदान लिहिता येतंय ते तुझ्यामुळे. या घरात आलीस तेव्हा तुझ्या हाताची हळद उतरायच्या आधी तू माझी पाटी शोधून काढली होतीस. तेव्हा मला तुझा फार राग यायचा.

हा कागद तुला आमचा ड्रायव्हर देईल. तो दगडाच्या पेट्या घेऊन तिकडूनच पुढे जातो. खाणीवरच्या तुझ्या वजनकाट्यापाशी गाडी लावेल, पाणी मागेल आणि कागद काढेल. त्याला चहा विचार. तो नको म्हणेल, ते खरं मानू नको. कागद फक्त वहिनीच्या हातात द्यायचा असं मी त्याला इतक्यांदा बजावलं की शेवटी तो म्हणाला, अरे भिंगरी, प्रेमपत्र आहे का रे हे? म्हटलं, नाही, वहिनीला आहे. तर म्हणतो कसा, मग जास्त जपून न्यायला हवं.

भिंगरी हे नाव तू ठेवलंस आणि ते माझ्याआधी इथे पोचलं. आमच्या फोरमनने पहिल्याच दिवशी विचारलं, याआधी कुठे होतास? मी सांगत गेलो, बेकरीत, रंगाच्या कामावर, मग ट्रकवर क्लीनर, मग बर्फाच्या कारखान्यात. तो म्हणाला, बाळा, तुला एका जागी बसवायला खिळा ठोकावा लागेल. इथे मात्र टिकलोय, वहिनी. चौघांची खोली आहे, पत्र्याची. खिडकीला काच नाही, पुठ्ठा आहे, आणि त्यातून वारा येऊन माझ्याच कानात शिरतो. आमचा स्वयंपाकी रोज डाळ नवीन पद्धतीने बिघडवतो. आज सुट्टी आहे, बाकीचे कपडे धुताहेत, आणि मी रिकाम्या पेटीवर कागद ठेवून दुपारपासून हे लिहितोय. ते मला चिडवून दमले.

फोनच का नाही केला, म्हणशील. केला की. तू होतीसच तिथे. खडी फोडणाऱ्या क्रशरपाशी उभं राहून राहून दादाचे कान गेले, आणि तेव्हापासून त्याचा फोन म्हणजे गावभर लावलेला भोंगा. मी इकडे कुजबुजलो तरी तिकडे काट्यावरची गाडीवाली माणसंसुद्धा ऐकतात. सगळं छान चाललं होतं, दादा सांगत होता, क्रशरचा जबडा मोडलाय, नवीन यायला वेळ लागेल, तोवर खाण बंद, सगळे आराम करताहेत. आणि मागून तुझा हसरा आवाज आला, अरे भिंगरी, तुमच्या खादाडाला अजीर्ण झालंय बरं का! हल्ली पाणी पीतच नाही, सगळं बाहेर टाकतो! तू हसलीस, दादा हसला, गाडीवाले हसले. मी नीट बोलायला हवं होतं. पण माझं तोंड माझ्याआधी धावतं. मी ओरडलोच, दादा, आजपासून त्यात थेंब टाकू नको, भिंत येईल अंगावर. एवढ्या लोकांसमोर. मग तो जे म्हणाला ते तू ऐकलंस. चार पेट्या दगड काय उचललेस, डोंगराचा डॉक्टर झालास होय रे? ज्या भिंतीखाली मी जन्मभर जेवलो ती तू मला लांबून दाखवणार? आणि फोन बंद. तेव्हापासून मी करतो आणि तो उचलत नाही, आणि दुसरा फोन घरात नाही.

म्हणून सगळं तुला सांगतो. घाईने वाचू नको, कारण मलाही हे घाईत कळलेलं नाही.

आमचं इथलं काम असं. या डोंगराच्या पोटात पाण्याची मोठी टाकी कोरायची आहे. कोरायच्या आधी डोंगर आतून कसा आहे ते बघायला आम्ही वरून लांब भोकं पाडतो. भोकातून दगड बाहेर येतो तो कांड्या-कांड्यांनी, गोल, गुळगुळीत, हातात धरावा असा. या कांड्या आल्या तशा क्रमाने लाकडी पेटीत मांडायच्या हे माझं काम. कांडी लांब असली तर पेटीत बसत नाही, मग मी ती हातोडीने तोडतो आणि तुटलेल्या जागी खडूने फुली मारतो. फुली म्हणजे हे मी तोडलं, डोंगराने नाही. पहिल्या आठवड्यात मी फुल्या मारायला विसरायचो. मग आमच्या मॅडम, म्हणजे दगडांच्या डॉक्टर, त्या पेटीसमोर उकिडव्या बसून वैतागायच्या. एकदा म्हणाल्या, तुझ्या हिशेबाने हा डोंगर नाही, बिस्किटाचा पुडा आहे.

पण त्यांनीच शिकवलं. फुली नसली तरी ओळखता येतं म्हणाल्या. हातोडीने तुटलेली जागा कोरी असते, कडा बोटाला लागतात. डोंगराची स्वतःची भेग आतून रंगलेली असते. कुठे गंजासारखी लाल, कुठे पांढरा थर धरलेला, कुठे चिखल भरलेला. रंगलेली आहे म्हणजे तिथून कधीकाळी पाणी गेलंय. वहिनी, आपण आयुष्य दगडात काढलं आणि मला वाटायचं दगड म्हणजे भरीव. तसं नसतंच. तो सगळा भेगांनी विणलेला असतो, पाणी त्याच्यातून हिंडतं, थांबतं, साठतं. विहिरीला पाणी लागतं ते दगडातून नाही, त्याच्या भेगांतून लागतं.

मग एक दिवस एक कांडी आली, तिचं टोक चकचकीत. जणू कुणी पॉलिश केलंय, आणि त्यावर बारीक रेघा, सगळ्या एकाच दिशेने. मॅडमनी माझा अंगठा धरून त्यावर फिरवला. एका बाजूने फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर खरखरीत. त्या म्हणाल्या, इथे एक दगड दुसऱ्यावरून सरकलाय. गुळगुळीत लागतं त्या बाजूला गेला तो. मला दिसत होता आपला आरसा.

आपल्या खाणीतली ती चकचकीत भिंत, वहिनी. पाणी मारलं की तोंड दिसतं म्हणून सगळे तिथे भांग पाडतात आणि मग तिच्याच पलीकडे, त्या उभ्या कातळाच्या सावलीत, डबे उघडून बसतात. मी लहान असताना दादाने मला खांद्यावर घेऊन त्या आरशावर हात फिरवायला लावला होता. वरून खाली, बघ कसं लोणी, म्हणाला होता. वरून खाली, वहिनी. म्हणजे त्या आरशासमोर जो दगड होता तो कधीतरी खाली घसरून गेला, आणि आरसा ही त्याची वाट. भिंत खड्ड्याकडे कशी कललेली आहे ते तुला माहीत आहे. शिडी टेकवल्यासारखी.

आणि तशीच कललेली दुसरी वाट, डबे उघडतात त्या कातळाच्या मागे आहे. तिचं तोंड वर माथ्यावर उघडतं. त्या तोंडाला आपण खादाड म्हणतो.

तो सापडला तो दिवस आठवतो ना? खालच्या खड्ड्यात पाणी साचून काम बंद पडलं होतं. ओढ्यापर्यंत पाइप न्यायचा तर सगळा उतार खणायला लागणार होता. दादा वैतागून माथ्यावर गेला, नळी तिथल्या फटीत सोडली, आणि पंप दिवसभर चालला तरी फट भरेना. तो खाली उतरला तो लग्नातल्या नवऱ्यासारखा. सगळ्यांना नेऊन दाखवलं. तू वाकून बघितलंस आणि म्हणालीस, बाई गं, काय खादाड आहे! नाव पडलं ते पडलं. तेव्हापासून रोज सकाळी दादा खालून हात वर करतो, तू काट्याच्या खोलीत हिरवं बटण दाबतेस, आणि खड्ड्यातलं पाणी खादाडाच्या पोटात जातं. इतकी वर्षं आपल्यापैकी कुणी विचारलं नाही की ते जातं कुठे. मीही नाही. फुकट राबणाऱ्याला कुणी पत्ता विचारत नाही, तसं आपलं झालं.

इथे आम्हीही डोंगराला पाणी पाजतो. भोकात पाणी सोडायचं, जोर थोडा-थोडा वाढवायचा, आणि कितीला किती पितो ते बघायचं. पंपाचा जोर बघायचं काम माझ्याकडे असतं. गेल्या महिन्यात आम्ही असंच पाजत होतो. वर कातळावर एक जुनी भेग होती, तिच्यावर मॅडमनी काचेची पट्टी आडवी चिकटवून ठेवली होती, ही कड ते ती कड. मला वाटलं होतं, काय पोरखेळ. जोर वाढवला, डोंगर हळूहळू पीत होता. आणखी वाढवला, आणि एकदम जोर दाखवणारा काटा खाली पडला आणि पाणी असं धावायला लागलं जसं आत कुणी दार उघडलं. फोरमन ओरडला, बंद कर, बंद कर! मी केलं. आवाज नाही, धूळ नाही, काही नाही. वर जाऊन बघितलं तर काचेची पट्टी मधून तडकलेली. एवढा डोंगर, वहिनी, पाण्याने उचलला होता. केसाएवढा, पण उचलला होता. फोरमन हा माणूस जेवतानासुद्धा विनोद करतो. त्या दिवशी त्याने बिडी पेटवली आणि ती तशीच हातात विझली.

मी मॅडमना विचारलं, पाण्यात एवढी ताकद येते कुठून? त्यांनी मला जेवणाच्या शेडमध्ये नेलं. ओल्या ओट्यावर गरम पातेल्याचं झाकण पालथं पडलं होतं. त्यांनी बोटाने नुसतं टोचलं, तर ते सुळकन दुसऱ्या टोकाला गेलं. हे तर तू रोज बघतेस. कोरड्या ओट्यावर तेच झाकण खरडतं, जागचं हलत नाही. झाकण तेच, वजन तेच. खाली जे कोंडलंय ते त्याला थोडं उचलून धरतं, मग धरून ठेवायला काही उरत नाही. दगडाच्या भेगेत पाणी कोंडलं की तसंच होतं, म्हणाल्या. जोवर पाणी वाहून जातंय तोवर ठीक. पण एखाद्या दिवशी खालचं तोंड चिखलाने बुजतं, आणि पाणी आत उभं राहतं.

आता तू फोनवर हसत काय म्हणालीस ते परत आठव. खादाड पीत नाही. सगळं बाहेर टाकतो. त्याची भूक गेली नाही, वहिनी, त्याचं पोट भरलंय. आणि ते पोट तुमच्या डब्यांच्या मागे, त्या कातळाच्या पाठीला लागून आहे.

मी मॅडमना कोळशाने जमिनीवर सगळं काढून दाखवलं. आरसा, कातळ, वरची फट, खाली जेवायची जागा. त्या हसल्या नाहीत, आणि मला वाटतं हसल्या असत्या तर मी हे लिहिलंच नसतं. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, न बघता मी काही सांगणार नाही. तो कातळ अजून शंभर वर्षं उभा राहील किंवा नाही राहणार. पण अरे, पाणी बंद करायला तुमचं काय जातं? आणि त्या कातळाच्या बुडाशी हल्ली नवीन ओल दिसते का ते विचार. मी कुणाला विचारणार? दादा फोन उचलत नाही. तूच बघ. कातळाखाली बसू नको, लांबूनच बघ.

मी चुकत असेन, वहिनी. हे खरंच लिहितोय. मी चुकत असेन तर मला घरात आयुष्यभर डोंगराचा डॉक्टर म्हणा, मी ऐकून घेईन. तशीही तुम्हाला नवीन टोपणनावाची गरज होतीच.

मी खाण सोडून का गेलो हे तू मला खूपदा विचारलंस आणि मी दरवेळी वेगळं सांगितलं. कधी धूळ सोसत नाही म्हणून, कधी जग बघायचंय म्हणून. दादा म्हणायचा, याच्या पायाला चाक आहे. असेलही. पण मला एवढं आठवतं की जेवायच्या सुट्टीत मी कधीच बसायचो नाही. डबा हातात घेऊन फिरत फिरत खायचो, आणि सगळे म्हणायचे, अरे, बूड टेक जरा. मला टेकवत नव्हतं. का, ते तेव्हा मला कुणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. इथे मी कांड्यांच्या पेटीपाशी तासन्‌तास बसतो, पाय झोपतात तरी उठत नाही. मॅडम म्हणतात, याला आता उठवा कुणीतरी.

दादाचं मला सगळं कळतं. बाबा गेले तेव्हा तो मिसरूड फुटायच्या वयाचा होता आणि बाबांची पहार त्याच्या उंचीपेक्षा मोठी होती. तरी दुसऱ्या दिवशी तीच घेऊन गेला. त्याने मला त्या खाणीवर वाढवलं, तुला त्या खाणीवर आणलं, आणि मालकाने त्याला मुकादम केलं ते या खादाडाच्या हुशारीवर. त्याला आता कसं सांगायचं की तुझी सगळ्यात मोठी हुशारी तुझ्या पाठीमागे उभी आहे? आणि सांगणार कोण, तर जो पळून गेला तो. त्याच्या जागी मीही फोन आपटला असता. त्याच्यापेक्षा जोरात.

म्हणून हा कागद त्याला नाही, तुला लिहिला. तू त्याला समजावून सांगावंस असं मी म्हणत नाही. ते तुलाही जमणार नाही आणि त्यात तुमचंच वाजेल. मला तुझ्याकडून वेगळंच हवंय. क्रशरचा जबडा आता कधीही येईल. इतक्या दिवसांचं साचलेलं पाणी खड्ड्यात आहे, आणि दादाला ते एका दमात काढायचं असेल. तो खालून हात वर करेल. वहिनी, तू हिरवं बटण दाबू नकोस. पंपाचा स्टार्टर जळाला असं काही सांगू नको, तो उघडून बघेल. सरळ सांग, मी दाबणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला दाबू देणार नाही, आणि आजपासून कुणी त्या सावलीत जेवायला बसायचं नाही. काट्याच्या खोलीची किल्ली पदराला बांध. मी रजा मागितली आहे, ड्रायव्हरच्या पुढच्या खेपेला त्याच्याच शेजारी बसून येतोय. उतार खणून ओढ्यापर्यंत पाइप मी टाकेन, दादा मदतीला आला तर त्याच्यासोबत, नाही आला तर एकटा. पण मी पोचेपर्यंतचे दिवस तुला एकटीला काढायचे आहेत, हे मला कळतंय, आणि हे मी तुझ्याशिवाय कुणाकडे मागू शकत नाही. खड्डा भरेल. काम अडेल. मालक येऊन बोलेल. दादा तुझ्यावर ओरडेल, ताट सरकवून उठेल, माझा उद्धार करेल, माणसांसमोर तुला वाटेल ते बोलेल. तुझ्या डोळ्यात पाणी येईल. तरी दाबू नको. ओरडू दे त्याला. मी काट्यापाशी गाडीतून उतरेन तेव्हा त्याचं ओरडणं मला लांबूनच ऐकू आलं पाहिजे.

तुझाच,
भिंगरी